सहा ताटल्या, चार कप आणि एक बरणी

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सोलापुरात विजापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका छोट्या कार्यशाळेत सहा ताटल्या, चार कप, दोन वाडगे आणि झाकणाची एक बरणी यांची मागणी नोंदवली. एकूण रक्कम ८,४०० रुपये झाली आणि त्यातली निम्मी आगाऊ द्यावी लागली. पावतीपुस्तकात ‘देण्याची तारीख’ असा रकाना होता. त्यात भांडी घडवणाऱ्या बाईंनी शांतपणे ‘वाळल्यावर’ एवढाच शब्द लिहिला. माझे सगळे आयुष्य कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेले असल्यामुळे आकडा नसलेले उत्तर मला चालत नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा ‘दीड-दोन महिने धरा, बाई’ असे सांगण्यात आले. भांडी हाती पडली ती मे महिना संपता संपता. या भांड्यांचा आता जवळजवळ सहा महिने रोजचा वापर झालेला आहे, मधल्या काळात तिथल्या दोन रविवारांच्या वर्गालाही मी भाचीला घेऊन जाऊन आले आहे, त्यामुळे बरे-वाईट दोन्ही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

कार्यशाळेचे नाव मी देत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती होती. आधीच्या मागण्या पुऱ्या झाल्याखेरीज नवीन माणसे दाराशी नकोत, असे त्यांचे म्हणणे. भांडी घडवणाऱ्या या बाईंना सगळे अक्का म्हणतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या गावात हे संबोधन कुणालाही परके वाटत नाही, आणि त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असूनही मीही दुसऱ्या भेटीपासून त्यांना अक्काच म्हणू लागले.

आत गेल्यावर पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे तिथे चाक नाही. कुंभारकाम म्हटले की फिरते चाक आणि त्यावर वर चढत जाणारी माती हे चित्र आपल्या मनात इतके पक्के असते की चाकाविना भांडे म्हणजे लहान मुलांचा मातीचा खेळ असावा अशी शंका मलाही आली होती. प्रत्यक्षात आपल्या घरातला माठसुद्धा पूर्णपणे चाकावर होत नाही. कुंभार चाकावर तोंड आणि जाड भिंत काढून घेतो, आणि माठाचा तो गोल, पातळ फुगार आतून गुळगुळीत दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत हातानेच वाढवतो. जपानमध्ये सोळाव्या शतकापासून चहासाठी केले जाणारे राकू वाडगे चाकावर न चढवता हातांतच घडवले जातात आणि मणिपूरमधील लोंगपीची काळी भांडीही चाकाशिवाय होतात. अक्कांनी थापी आणि दगड यांचा वापर इथल्याच एका वयस्क कुंभारकाकांकडून शिकून घेतला आहे, आणि त्यांच्या बरणीचे पोट पाहिल्यावर तो त्यांना चांगला साधला आहे हे कबूल करावे लागते.

त्यांच्या घडणीच्या पद्धती तीन आहेत. वाडगा करताना मातीचा गोळा तळहातात धरून मध्ये अंगठा खुपसतात आणि गोळा फिरवत, चिमटीने दाबत भिंत पातळ करत नेतात. बरणीसाठी मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक रचतात, प्रत्येक थर खालच्या थरावर आतून-बाहेरून बोटाने पुसून एकजीव करतात आणि चार-पाच थर झाले की खालचा भाग जरा आवळेपर्यंत थांबतात, नाहीतर वरच्या वजनाने खालचे पोट बसते. ताटल्यांसाठी मातीची जाड पोळी लाटून ती साच्यावर बसवतात. लाटण्याआधी माती हाताने थापून घेतात, आणि ते पाहताना भाकरीची आठवण येणे सोलापूरकराला टाळता येणार नाही. पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेली की ज्वारीची भाकरी काठाला चिरते. मातीचेही तसेच आहे. ताटलीच्या मातीत भाजलेल्या मातीचा भरड चुरा, ज्याला त्या ग्रॉग म्हणतात, मिसळलेला असतो. चुऱ्यामुळे भांडे वाळताना कमी आकसते आणि वाकडे कमी होते, पण तो जास्त झाला तर मातीची विरी जाते आणि वळवताना काठ फाटतो. चुरा किती घालायचा हे अक्का वजनावर ठरवतात खऱ्या, परंतु शेवटी मातीची एक वळी बोटाभोवती गुंडाळून ती चिरते का ते पाहतात आणि मगच पुढे जातात.

माती मात्र इथली नाही. ती गुजरातहून पोत्यांतून येते. जिल्ह्यात काळ्या मातीला तोटा नसताना बाहेरून माती आणावी लागते याचे मला नवल वाटले होते. त्यावर अक्कांनी मला फळीवर ओळीने ठेवलेले चाचणीचे तुकडे दाखवले. नुसत्या काळ्या मातीचे तुकडे उन्हाळ्यातल्या शेतासारखे भेगाळलेले होते. बेसाल्टपासून झालेल्या या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकेच आकसते. शेतात जमिनीला भेगा पाडणारा तोच गुण भांड्यात तडा होऊन बसतो. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतील ओलावा खाऊन फुगतो आणि दिसायला धडधाकट असलेल्या भांड्याचा टवका उडवून बाहेर पडतो, कधी कधी भट्टीतून काढल्यावर काही आठवड्यांनी. विद्यार्थ्यांना चुन्याची ही अभिक्रिया मी फळ्यावर शेकडो वेळा लिहून दाखवली असेल; तिने फोडलेली वाटी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या कार्यशाळेत घडवण्याला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ वाळवण्याला लागतो, आणि माझ्या मते अक्कांचे खरे कसब तिथेच आहे. घडवणे पाहायला सुंदर असते, त्याची छायाचित्रे निघतात, वर्गाला येणारी मंडळीही त्यासाठीच येतात. परंतु सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या हवेत, जिथे दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात खडखडीत होतो, तिथे एखादी सपाट ताटली तडा न जाता आणि काठ न उचलता वाळवणे ही घडवण्याहून अवघड गोष्ट आहे. काठ पातळ आणि उघडा असल्यामुळे तो आधी वाळतो आणि आकसतो; मधला भाग अजून ओला आणि मोठाच असतो; या ओढाताणीत एक तर काठ वर उचलला जातो किंवा त्याला चीर पडते. म्हणून त्या ताटल्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून दोन फळ्यांमध्ये दडपून ठेवतात, काठावर पातळ प्लास्टिकची पट्टी टाकतात, आणि दर सकाळ-संध्याकाळ सगळ्या ताटल्या उलटवून ओला झालेला कागद बदलतात. बरणीला त्या जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर ओलसर करून गुंडाळतात आणि वरून प्लास्टिक घालतात. पहिला आठवडा चादर रोज शिंपडली जाते, दुसऱ्या आठवड्यात ती कोरडी होऊ दिली जाते, तिसऱ्यात प्लास्टिकला एकेक भोक वाढवत नेले जाते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात चादर ओली ठेवण्यासाठी पाण्याची वेगळी टाकी भरून ठेवणाऱ्या माणसाला ‘दीड-दोन महिने’ हा अंदाज का चुकतो, हे विचारायचे मग माझ्या मनातून गेले. अंदाज चुकणार हे आधी सांगायला हवे होते, ही तक्रार मात्र कायम आहे.

आकसण्याचा हिशेब ग्राहकानेही समजून घेतलेला बरा, कारण मागणी देताना तो उपयोगी पडतो. ही माती ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत लांबीत सुमारे १२ टक्के आकसते. म्हणजे १० इंचांची ताटली हवी असेल तर ओली ताटली जवळजवळ ११.४ इंचांची करावी लागते. आकारमानात हा फरक आणखी वाढतो: सर्व बाजूंनी १२ टक्के आकसलेल्या बरणीत पहिल्याच्या ६८ टक्केच जिन्नस मावतो, त्यामुळे एक लिटरची बरणी ओली असताना दीड लिटरच्या आसपास दिसते. कार्यशाळेत ओली बरणी पाहून ‘एवढी मोठी नको, जरा लहान करा’ असे सांगण्याची चूक मी करणार होते. अक्कांनी मला थांबवले म्हणून निभावले.

भाजणी दोनदा होते. भट्टी विजेची, थ्री-फेजवर चालणारी आहे. पहिली भाजणी सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत, झिलई (भांड्यावर वितळून बसणारा काचेसारखा थर) न लावता. दुसरी झिलई लावून १,२२० अंशांच्या जवळपास. सुरुवातीचे काही तास भट्टी मुद्दाम मंद ठेवतात, कारण मातीत उरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली तर भांडे फुटते आणि शेजारच्या भांड्यांनाही घेऊन जाते. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, स्फटिकाची रचना बदलते आणि त्याचे आकारमान अचानक वाढते. निवताना त्याच अंशाला ते तितकेच अचानक घटते. त्यामुळे चढताना घाई चालत नाही आणि उतरताना उतावळेपणाने झाकण उघडणे तर मुळीच चालत नाही. भट्टीला डिजिटल मापक असूनही आत मातीच्याच मिश्रणाचे लहान शंकू उभे केलेले असतात. मापक फक्त तापमान सांगते. शंकू किती वेळ किती आच लागली या दोन्हींचा मिळून परिणाम वाकून दाखवतो. वाकलेल्या शंकूंचा एक डबाच अक्कांनी साठवला आहे, प्रत्येकावर भाजणीचा दिवस लिहिलेला. माझ्या बरणीच्या भाजणीचा शंकू त्यांनी मला दाखवला तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याची नीट ठेवलेली प्रयोगवही तपासल्याचे समाधान मला मिळाले.

झिलईच्या बाबतीत काळी माती अनपेक्षितपणे परत येते. भांडे म्हणून नापास झालेली ही माती चाळून, चुनखडीचे खडे काढून झिलईत घातली तर तिच्यातील लोह आणि सहज वितळणारे घटक यांच्यामुळे १,२२० अंशांना तिची गडद तपकिरी, काठावर विटकरी होत जाणारी काच तयार होते. बाकीचे घटक फेल्डस्पार, क्वार्ट्झची पूड, खडू आणि केओलिन ही पांढरी माती हे बाहेरून येतात. (केओलिन म्हटल्यावर धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाची आठवण होते; तिथे सातवाहन काळातील केओलिनच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत आणि तिथल्या संग्रहालयात त्या जरूर पाहाव्यात.) शिसे वापरत नाही असे अक्कांनी सांगितले, आणि त्यांची कृतींची वही पाहता ते पटते, कारण शिशाचा उपयोग मुख्यतः कमी तापमानाच्या झिलईसाठी होतो. पांढरट, हिरवट आणि ही काळ्या मातीची तपकिरी अशा तीन झिलया त्या सध्या खाण्याच्या भांड्यांना देतात. माझे मत स्पष्ट आहे: तपकिरीच घ्यावी. पांढरट झिलई स्वच्छ आहे, पण तशी भांडी कुठेही मिळतात.

आता एकेका भांड्याविषयी. ताटल्या सर्वांत यशस्वी ठरल्या. सहापैकी पाच टेबलावर अजिबात डुगडुगत नाहीत, सहावी किंचित हलते. घरी मी एक ताटली कोरडी वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवली. ६१२ ग्रॅमची ६१९ ग्रॅम झाली, म्हणजे शोषण एक टक्क्याच्या जरासे वर. तुलनेसाठी बाजारातली साधी, झिलई नसलेली मातीची वाटी तशीच बुडवली तर तिने स्वतःच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के पाणी प्यायले. लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवून पाहिली, रंग किंवा चकाकी उतरली नाही. या घरगुती चाचणीने झिलई नीट वितळली आहे एवढेच कळते; शिशाची खात्री त्यावरून करता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

ताटल्यांवरची नक्षी हा वेगळा विषय आहे. अक्का मातीच्या पोळीवर सोलापुरी चादर उलटी अंथरून वरून लाटणे फिरवतात, त्यामुळे जॅकार्डची वीण मातीत जशीच्या तशी उमटते. कल्पना अस्सल इथली आहे, आणि पाहुणे ताटली उचलून बोट फिरवल्याशिवाय राहत नाहीत. परंतु मी दोन ताटल्यांवर ही नक्षी मधोमध, म्हणजे जेवणाच्या जागी मागितली, आणि तो माझा मूर्खपणा होता. पिठले आणि शेंगाचटणीचे तेल त्या रेघांत जाऊन बसते. घासणीने निघत नाही, जुना दात घासायचा ब्रश लागतो. उरलेल्या चारांवर नक्षी फक्त रुंद काठावर आहे आणि त्यांचा काही त्रास नाही. ग्राहकाने मागितले तरी मधोमध नक्षी करून देऊ नये, निदान सावध करावे, असे मी त्यांना सांगितले. ‘सांगितलं होतं, बाई,’ असे उत्तर आले. सांगितलेही असेल.

बरणी आम्ही शेंगाचटणीसाठी घेतली. आतून-बाहेरून झिलई असल्यामुळे तेल झिरपत नाही, जे साध्या मातीच्या भांड्यात हमखास झिरपते आणि महिन्याभरात खवट वास धरते. पोट गोल, तोंड हात जाईल इतके रुंद, थापीच्या ठोक्यांच्या अगदी पुसट खुणा झिलईखाली दिसतात. झाकण हे हाताने घडवलेल्या बरणीचे अवघड दुखणे असते, कारण चाकावरच्या तोंडासारखे ते काटेकोर गोल नसते. त्यामुळे झाकण एकाच बाजूने नीट बसते. अक्कांनी झाकणावर आणि गळ्यावर प्रत्येकी एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. दोन रेघा जुळवल्या की झाकण न वाजता बसते. मला याची सवय झाली. घरातील इतरांना झाली नाही, आणि झाकण तिरपे ठेवलेले मला दिवसातून दोनदा दिसते. ज्या घरात बरणी अनेक हातांत फिरते, तिथे झाकण नसलेला वाडगा घेणे शहाणपणाचे ठरेल.

वाडगे उत्तम आहेत. चिमटीने केलेली भिंत हातात बसते आणि काठ ओठाला पातळ लागतो. दोहोंपैकी एकावर झिलईची केसासारखी बारीक जाळी पडली होती. झिलई आणि माती निवताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत की असे होते. ही जाळी माझ्या लक्षात येण्याआधी अक्कांनीच दाखवली, त्या वाडग्याचे निम्मे पैसे परत केले आणि त्यात ओले पदार्थ साठवू नका असे बजावले. तो आता लिंबांसाठी आहे.

कप हा या साऱ्यातला कमकुवत भाग. एकेक कप चहाच्या मानाने जड आहे, काठ वाडग्यांइतका पातळ उतरलेला नाही, आणि कानात एकच बोट जाते, तेही माझे. माझ्या यजमानांचे जात नाही. त्याहून गंभीर म्हणजे चारांपैकी एका कपाच्या कानाशी, जिथे तो अंगाला जोडला आहे तिथे, पंधरा दिवसांतच केसाएवढी चीर दिसू लागली. गरम चहाने भरलेल्या कपाचा कान सुटणे म्हणजे काय, हे सांगायला नको. अक्कांनी कारण लपवले नाही: अंग बऱ्यापैकी आवळल्यानंतर ओला कान जोडला गेला, दोन्हींवर ओरखडे काढून मध्ये चिखल भरला तरी ओला कान जास्त आकसला आणि सांध्यावर ताण राहिला. ते कप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मागणी आधीच उशिरा झालेली असताना जोडले गेले होते. ताटल्यांना मिळालेला वेळ कपांना मिळाला नाही. कप त्यांनी बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण बदली कप हाती यायला सहा आठवडे लागले.

पाण्याची सुरई किंवा माठ इथून घेण्याचा विचार कुणी करत असेल तर एक सूचना. कुंभाराच्या माठातले पाणी गार होते ते माठाच्या अंगातून पाणी झिरपून बाहेर वाफ होत असते म्हणून. अक्कांच्या झिलईच्या, पूर्ण भाजलेल्या सुरईतून पाणी झिरपत नाही, म्हणजे ते गारही होणार नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या सुरईकडे पाहून मोहात पडणारी माणसे मी पाहिली आहेत. तसेच ही भांडी थेट गॅसवर ठेवण्यासाठी नाहीत.

दोन रविवारांच्या वर्गाचे शुल्क माणशी १,८०० रुपये, एका वेळी सहाच जण. पहिल्या रविवारी वाडगा आणि वळ्यांचे एक लहान भांडे, मग तीन आठवडे वाळवणे आणि पहिली भाजणी, दुसऱ्या रविवारी झिलई. पहिला दिवस मन लावून शिकवला गेला. माझ्या भाचीने बुडाशी फार जाड वाडगा केला आणि घाईने तो पंख्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी बुडातून आरपार तडा गेला. अक्कांनी तो भट्टीत घातलाच नाही. कोरडे तुकडे पाण्याच्या बादलीत टाकले, काही वेळात त्यांचा गाळ झाला, आणि त्याच मातीचा गोळा करून तिला पुन्हा दिला. न भाजलेली माती अशी कितीही वेळा परत येते. भाजल्यावर मात्र परतीची वाट नाही. दुसरा रविवार निराशाजनक होता. झिलईची कृती, ती किती दाट हवी, बूड का पुसायचे, हे सगळे चाळीस मिनिटांत उरकण्यात आले, कारण दुपारी भट्टी लावायची होती. आणखी एक गोष्ट खटकली. फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसली जाते, हे फुफ्फुसांना घातक असलेल्या सिलिकाच्या धुळीच्या दृष्टीने योग्यच आहे. पण झिलईची कोरडी पूड मिसळणाऱ्या मदतनीस मुलाच्या तोंडावर मास्क नव्हता. मी तो विषय तिथेच काढला. पुढच्या वेळी मास्क होता, गळ्यात लोंबकळत.

किमतीबद्दल कुरकुर मी इतरांकडूनही ऐकली आहे. ताटली ६५०, कप ५५०, वाडगा ४५० आणि बरणी १,४०० हे दर आपल्या गावात जास्त वाटतात, कारण मातीचे भांडे म्हणजे संक्रांतीच्या सुगडांचा आणि दिवाळीच्या पणत्यांचा भाव आपल्या डोक्यात असतो. ज्या गावात दरवर्षी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह हजारो लोकांच्या साक्षीने अक्षता टाकून लावला जातो, तिथेच सुगडांच्या ढिगापाशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस चालते, ही गंमत अक्कांनी हसत सांगितली. तरीही मी दोहोंची तुलना करणार नाही. कुंभाराचे सुगड एका सणासाठी असते आणि त्याचे ते काम ते चोख करते. अक्कांच्या ताटलीत तीन आठवड्यांची उलटापालट, दोन भाजण्यांची वीज आणि फुटलेल्या भांड्यांची भर असते. सहा ताटल्यांचे ३,९०० रुपये मला वसूल वाटतात. बरणीचेही वाटतात. कपांचे वाटत नाहीत. त्या पैशांत चांगले कप बाजारात सहज मिळतात आणि त्यांच्या कानात दोन बोटे जातात.

मागणी द्यायची असेल तर पावसाळा लागल्यावर द्यावी. हवा दमट असल्यामुळे काठ आणि मधला भाग जवळजवळ बरोबरीने वाळतात, चादर ओली करावी लागत नाही आणि नासधूस कमी होते, असा अक्कांचा स्वतःचा अनुभव आहे, जरी दिवस थोडे जास्त लागतात. ताटल्यांचा व्यास भाजल्यानंतरचा आहे हे तोंडाने सांगून लिहून घ्यावे. घरी आणण्यासाठी पिशवीऐवजी जाड पुठ्ठ्याचे खोके न्यावे, कारण बांधणी वर्तमानपत्राच्या दोन घड्यांपलीकडे जात नाही. बूड बिनझिलईचे असल्याने काचेच्या टेबलावर ओरखडे पडतात, तेव्हा घेण्यापूर्वी बुडावरून हात फिरवून ते खरखरीत असेल तर तिथेच घासून मागावे. काच कागद त्यांच्याकडे असतो.

ऑगस्टमध्ये मी दह्यासाठी चार गाडगी सांगून आले आहे, आतून झिलई आणि बाहेरून कोरी. कान नाही, झाकण नाही.